सारजावहिनींच्या हातावरची डावणी

सारजावहिनी बँडपथकात लागल्या, अशी बातमी गेल्या दसऱ्याच्या आसपास आमच्या वरच्या मळ्यात फिरत होती. बातमीला पुरावा होता. त्यांच्या अंगणातल्या दोरीवर, यमाजीभाऊंच्या दोन धोतरांच्या मधोमध, पांढऱ्याशुभ्र हातमोज्यांचे चार जोड ओळीनं वाळत होते. असे मोजे एक तर पंधरा ऑगस्टच्या परेडला लागतात, नाहीतर नवरदेवाच्या पुढं क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला. वहिनी साठीला टेकलेल्या, त्यामुळं परेड बाद. उरला बँड. डेअरीवर दूध घालायला आलेल्या एकानं विचारलं, "वाजवत्यात काय?" दुसरा म्हणाला, "आवाज बघता ताशाच असणार."

बातमी खोटी होती हे मी छातीठोक सांगतो, कारण ती मीच सोडली होती. दुसऱ्याच दिवशी वहिनींनी मला कुंपणापाशी गाठलं.

"भावजी, मी बँडात हाय म्हनं?"

"लोकांचं काय वहिनी, काहीही बोलतात."

"बोलू द्या. तुमच्या लेकाच्या वरातीत फुकाट वाजवीन. पोरगी मिळाली तर."

आमचा मुलगा तेहतीस वर्षांचा आहे. मी घरात गेलो.

तर मोजे खरे होते आणि बँड खोटा. मोजे होते हाताच्या दुखण्यासाठी. मी त्या दुखण्याची चेष्टा केली होती, पण पुढं त्याच दुखण्यापायी वहिनींच्या हातचं अन्न गाव खाणार की नाही, इथवर गोष्ट गेली. म्हणून ती नीट सांगायला हवी.

यमाजीभाऊंचं घराणं मूळचं मेंढपाळ. त्यांचे वडील दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचे, ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. भाऊंनी विहीर खणली, बिऱ्हाड वाहणारं घोडं विकलं आणि दोन एकरांत द्राक्षाची बाग लावली. मागच्या अंगाला अजून सहा मेंढ्या आहेत. कशाला, असं विचारलं तर भाऊ म्हणतात, "असू द्या." भाऊंचं बोलणं एवढंच असतं. वर्षाला दोन वाक्यं, त्यातलं एक मेंढ्यांशी. बाकीचं सगळं बोलणं वहिनींनी पत्करलेलं आहे. त्या निरगुडसरच्या लेक. मुलगा चाकणला कंपनीत, आठवड्याला येतो. घरात हे दोघं आणि सून अक्षदा.

वहिनींची ख्याती दोन गोष्टींत. एक म्हणजे द्राक्षाची नजर. बागेत एका बाजूनं शिरायचं, चालता चालता पान उलटं करायचं आणि सांगायचं, "भुरी येतीय," किंवा "डावणी लागली." दोन्ही वेलीवरच्या बुरश्याच; डावणी ओल्या हवेत येते. आधी पानावर तेलकट डाग दिसतो, मग खालून पांढरी लव. औषधाच्या दुकानातला पोरगा मोबाईलवर फोटो ताणून बघतो, तोवर वहिनींचं निदान झालेलं असतं.

दुसरी ख्याती मासवडीची. आमच्या जुन्नर-आंबेगावात मासवडी कुणाला समजावून सांगायची गरज नाही, पण बाहेरचा कुणी वाचत असेल तर सांगतो : नाव मासा, आत मासा नाही. बेसन शिजवून घट्ट करायचं, ते वाफाळतं असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, वर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी करून माशासारखा आकार दाबायचा. मग वड्या कापायच्या आणि तिखट आमटीबरोबर खायच्या. सारी मेख थापण्यात आहे. बेसन निवलं की चिरतं. म्हणून चटका सोसत, हात पाण्यात बुडवत, भराभर थापायचं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या दिवशी, आमच्या मळ्यात पावण्यांना मासवडीचं जेवण असतं. सारण करायला दहा बाया, आमटीला चार, पण थापायला एकच हात. दोन हातांनी थापली की एक जाड, एक पातळ होते आणि पंगतीत भांडणं लागतात. तो एक हात अठरा वर्षं सारजावहिनींचा होता.

दुखणं सुरू झालं गेल्या भाद्रपदात. आधी बोटांच्या कडांना खाज आली. मग कातडीच्या आत बारीक बारीक पाणीदार दाणे दिसायला लागले, भिजवलेला साबुदाणा आतून पेरावा तसे. मग ते तळव्यावर आले, आणि पायाच्या तळव्याला. खाज अशी की वहिनी विळीच्या पात्यावर हात घासायच्या. तीन आठवड्यांनी दाणे वाळायचे, कातडी पापुद्र्यानं सुटायची, खाली लालबुंद भेगा. जरा बरं वाटतंय म्हणावं, तर पुन्हा साबुदाणा.

दुसरी कुणी असती तर डॉक्टरकडं गेली असती. पण वहिनी द्राक्षवाल्या. त्यांनी आपला हात उजेडात धरला, पान उलटं करावं तसा उलटा केला आणि निदान केलं.

"डावणी हाय."

अक्षदा म्हणाली, "आत्या, माणसाला डावणी नसती."

"का नसती? पाऊस लागून ऱ्हायला की वेलीला येती. माझे हात बी पाण्यातच असत्यात. डाग बघ की. तेलकट हाय का न्हाई?"

आणि डावणीला औषध काय, तर बोर्डो. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं निळं मिश्रण. ते घरात होतंच, पावसाळ्यात कुठल्या द्राक्षवाल्याच्या घरात नसतं? वहिनींनी बाभळीच्या काट्यानं दाणे फोडले आणि वाटीत बोर्डो कालवून कापसानं दोन्ही हातांना लावलं. पायांनाही. यमाजीभाऊंनी त्या वर्षाचं दुसरं वाक्य तिथं खर्च केलं.

"ती वेल हाय, तू मानूस."

"डाग तर सारखाच हाय ना!"

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फवारणी चालली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजले. तळवे निळे-हिरवे, भेगांतून पिवळं पाणी. आणि अशा हातानं वहिनी जानकूच्या दुकानात मीठ आणायला गेल्या.

जानकू नेहमी पुडा हातात देतो, वर दोन शब्द बोलतो. त्या दिवशी त्यानं मिठाचा पुडा काउंटरवर ठेवला आणि बोटानं पुढं सरकवला. बोलला काही नाही. वहिनींनी तो उचलला आणि त्याही काही बोलल्या नाहीत. हे मी स्वतः पाहिलं, मी तिथं काडेपेटी घ्यायला उभा होतो. सारजावहिनी काही न बोलता दुकानातून बाहेर पडल्या, हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळपर्यंत मळ्यात झालं : लागट आहे. कुणी म्हणालं खरूज, कुणी त्याच्याही पुढचं बोललं. बँडची बातमी माझी, ही नव्हे. पण डेअरीवर कुणीतरी "त्यांच्या गाईचं दूध आता निळं येईल काय?" असं म्हणालं तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. ते लिहून ठेवतो.

अक्षदानं दुसऱ्या दिवशी सासूला स्कूटीवर घातलं आणि नारायणगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. प्रतिभा मॅडम, वय असेल पस्तीस. त्यांनी दोन्ही हात भिंगाखाली धरले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे निळं काय?"

वहिनींनी सांगितलं. किती ग्रॅम मोरचूद, किती चुना, तेही सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, बागेवर हे फवारताना तुम्ही काय घालता?"

"हातमोजं. तोंडाला फडकं."

"का?"

"अंगावर पडलं तर चरचरतं."

मॅडमनी कापूस ओला केला आणि तो निळा थर हळूच पुसायला घेतला. वहिनी पुढं मला म्हणाल्या, "भावजी, ती बाई मला येक शबूद वाईट बोलली न्हाई. तितंच मला लई लाज वाटली."

मग मॅडमनी विचारलं, घरात अजून कुणाला खाज येते का? सुनेला, मालकांना? नाही. बोटांच्या बेचक्यांत बारीक रेघा आहेत का, तेही पाहिलं. नव्हत्या. म्हणजे खरूज नव्हे. पायाच्या बोटांमधली कातडी खरवडून काचेवर घेतली आणि यंत्राखाली पाहिली. तिथं मात्र बुरशी निघाली, आपल्या पावसाळ्यातल्या चिखल्या.

"बघा! बुरशी हाय! मी म्हनलंच व्हतं!" वहिनी खुर्चीतून उठल्या.

"पायाच्या बोटांत आहे, हातात नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. पायाला बुरशी असली की कधी कधी अंग हातावरसुद्धा असे फोड काढतं. म्हणून ती आधी घालवू. हातावर आहे तो इसब. पाण्याच्या फोडांचा एक प्रकार असतो, हातापायाच्या तळव्यांनाच येतो. का येतो ते सगळं अजून कुणाला नीट माहीत नाही. पण ओल, साबण, घाम, लसूण-कांद्याचा रस, खोट्या दागिन्यांचा धातू, मनाला घोर, यांतलं काहीही त्याला चेतवतं. तुमचे हात पाण्यात असतात म्हणून हे होतं, हे तुम्ही ओळखलंत ते बरोबरच. औषध तेवढं चुकलं."

"लागट हाय का?" वहिनींनी विचारलं. अक्षदा सांगते, हा प्रश्न विचारताना आत्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"नाही. कुणाच्या हातात हात द्या, कुणाला जेवायला वाढा. एकाचं दुसऱ्याला होत नाही. आत्ता जखमा चिघळल्यात, त्यात पू आहे, त्या भरेपर्यंत तेवढा स्वयंपाक सुनेकडं द्या. ते या दुखण्यामुळं नाही, त्या बोर्डोमुळं."

"आन् बरं कधी व्हनार?"

"हा फेरा जाईल महिन्याभरात. पण पुन्हा येऊ शकतो. हा मुळासकट उपटायचा रोग नाही आजी, सांभाळायचा आहे."

वहिनींना हे उत्तर आवडलं नाही. डॉक्टरकडं एवढी फी देऊन गेलं आणि डॉक्टर म्हणतो सांभाळा! पण सांभाळायचं कसं, हे त्या ऐकत राहिल्या. आधी पू घालवायच्या गोळ्या. मग मलम, दिवसातून दोनदा, फक्त सांगितलेले दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही आणि लवकर बरं व्हावं म्हणून मेडिकलमधून दुसरी ट्यूब आणून महिनोनमहिने चोळायचंही नाही, कातडी पातळ होते. दाणे फोडायचे नाहीत, फार खाज सुटली तर गार पाण्याचं फडकं ठेवायचं. हात धुतले की टिपून कोरडे करायचे आणि लगेच साधं व्हॅसलीन, दिवसातून जितक्यांदा हात धुवाल तितक्यांदा. बोटातली अंगठी धुताना काढायची, तिच्याखाली साबण राहतो. भांडी घासताना आत सुती मोजे, वर रबरी; आणि सुती मोजा घामानं ओला झाला की लगेच बदलायचा. म्हणून चार जोड.

माझ्या बँडचे पांढरे मोजे ते हे.

आता माणसाला एवढं सांगितलं तर चार दिवसांत तो विसरतो. वहिनी विसरल्या नाहीत, त्याचं कारण स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. बागायतदाराच्या घरी कॅलेंडरवर तिथ्या कमी आणि फवारण्या जास्त असतात : कधी छाटणी, कधी डावणीचं औषध, कधी पाऊस, कधी धुकं. यमाजीभाऊ बोलत नाहीत, पण लिहितात. वहिनींनी त्याच चौकटीत आपली नोंद सुरू केली. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून अक्षरं नाहीत. खाज आली की एक टिंब, दाणे दिसले की दोन, भेग पडली की आडवी रेघ. आणि त्या दिवशी हातानं काय केलं त्याचं चित्र. लसणाची पाकळी. बादली. एकदा तर माझं चित्र होतं, म्हणजे नुसतं एक मोठं उघडं तोंड.

"हे कशाला?" मी विचारलं.

"त्या दिवशी तुमी डोकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी टिंब."

पौषापर्यंत त्या कॅलेंडरवरून त्यांना बाग वाचता येते तसा हात वाचता यायला लागला. लसूण सोलला की दोन दिवसांनी टिंब. मेथीची भाजी निवडली तर काही नाही. गरम पाण्यानं भांडी घासली की हमखास. भाचीच्या लग्नात बेंटेक्सच्या खोट्या बांगड्या घातल्या, त्यानंतर दोन टिंबं, म्हणून त्या बांगड्या पेटीत गेल्या आणि काचेच्या आल्या. पायात प्लास्टिकचे बूट घालून दिवसभर बागेत राहिलं की तळपायाला टिंब. मग सुती पायमोजे, दुपारी बदलायचे. खाज नुसती सुरू झाली की त्याच दिवशी मॅडमना फोन आणि त्या सांगतील तितके दिवस मलम. वहिनी म्हणायच्या, "डाग दिसायच्या आधी फवारायचं. डाग दिसल्यावर फवारतो तो आळशी." औषध तेवढं बदललं होतं, शेतकरी तोच होता.

माघात हात असे दिसायला लागले की ओळखू येऊ नये. पण मळ्याची नजर भाद्रपदातच अडकलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी तिळगूळ घेऊन सहा घरं फिरल्या. सगळ्या बायांनी घेतला, "गोड बोला" म्हणाल्या. आमच्या घरातली सांगते, तीन घरांत तो तिळगूळ पदराखाली धरून राहिला, तोंडात गेला नाही. वहिनींना ते दिसलं. कॅलेंडरवर त्या चौकटीत कसलंच चित्र नाही, पण पुढच्या दोन दिवसांत चार टिंबं आहेत.

फाल्गुनात यात्रा कमिटीची बैठक बसली, संध्याकाळी देवळापुढच्या पारावर. अध्यक्ष सोपान. माणूस चांगला, पण सगळ्यांना खूश ठेवायच्या नादात कुणालाच धड काही सांगत नाही. पहिल्यांदा कुस्त्यांची इनामं झाली, मग मांडव, मग तो खाकरला.

"मासवडीचं काय राव, यंदा... म्हंजे सारजावहिनींना तरास नको. त्यांची तब्येत. तर आपुन हायवेच्या हाटेलातनं आनू. सगळ्यांचंच म्हननं पडलं."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?" मी विचारलं.

"सगळ्यांचं म्हंजे... बोलत्यात लोकं."

वहिनी बायांच्या बाजूला बसल्या होत्या. मला वाटलं आता त्या उठणार आणि सोपानची सालटी काढणार. त्या उठल्या नाहीत. मांडीवर हात पालथे ठेवून, तळवे लपवून बसल्या. अठरा वर्षांत त्यांनी कमिटीकडून ना साडी घेतली ना नारळ. वर्षातला तो एक दिवस मात्र त्यांचा होता, आणि तो असा 'तब्येत' म्हणून काढून घेतला जात होता.

तेवढ्यात यमाजीभाऊ उठले. लोकांनी सरकून वाट करून दिली, कारण भाऊ उभे राहिले तर ते घरी निघाले असं सगळे समजतात. ते सोपानच्या पुढं गेले आणि आपले दोन्ही हात त्याच्या नाकासमोर उघडे धरले. वर, मग खाली, मग बोटं फाकवून.

"काय दिसतंय का?"

"न्हाई भाऊ. म्हंजे... काय दिसायचं?"

"चाळीस साल हिच्या हातचं खातोय. भाद्रपदात बी खाल्लं, हात निळं व्हतं तवा बी. मला काय झालं असंल तर दावा."

आणि जाऊन बसले. चार वाक्यं! मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊंचा दोन सालांचा कोटा संपला." पार हसला. हसण्यात सोपानलाही बरं वाटलं. आमच्या घरातली म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी लागट नाही म्हणून सांगितलंय, अक्षदानं कानांनी ऐकलंय, ज्याला खात्री पाहिजे त्यानं नारायणगावला जाऊन विचारून यावं, स्कूटी आहे. मग सोपान म्हणाला, "बरं तर, वहिनीच थापतील." म्हणजे तोही निर्णय त्यानं हसणाऱ्यांच्या बाजूनं दिला.

पण खरी अडचण पुढंच होती. वाफाळतं बेसन, पाण्यात बुडवलेला हात आणि लसूण-कांद्याचं सारण : कॅलेंडरवर ज्या ज्या गोष्टींपुढं टिंब होतं त्या सगळ्या एका मासवडीत होत्या. उघड्या हातानं अडीचशे मासवड्या थापल्या असत्या तर पंधरा दिवसांत साबुदाणा हजर. वहिनींनी घरी मोजे घालून थापून पाहिलं. रबरी मोजा बेसनाला चिकटला. पातळ पिशवीसारखा मोजा आणला तर हात आत उकडून निघाला. जाड मोज्यातून चटका कळेना, आणि चटका कळेना तर बेसन कधी निवतंय ते कळेना. तिन्ही मासवड्या मधोमध चिरल्या. त्या आम्ही खाल्ल्या. चव चांगली होती, पण मी तसं म्हणालो तर वहिनी म्हणाल्या, "तुमाला दगूड बी चांगला लागतो."

शेवटी मॅडमनाच फोन लावला. त्या म्हणाल्या, "हात बदलता येत नाही आजी, पद्धत बदलून बघा."

वहिनी दोन दिवस विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी अक्षदाला स्टीलची जाड बुडाची वाटी आणायला लावली. वाटीच्या बुडाला तेल लावलं, बेसन फडक्यावर ओतलं आणि वाटीनं थापलं. वाटीच्या आत सुती मोज्यातलं बोट. वाटी किती तापली यावरून बेसन किती गरम ते कळत होतं! सारण अक्षदानं पसरलं. गुंडाळी तर पहिल्यापासून फडक्यानंच व्हायची, तिथं हात लागतच नाही. मासवडी अख्खी उतरली. वहिनींनी ती चारी बाजूंनी पाहिली, द्राक्षाचा घड बघतात तशी.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मांडवाच्या मागं चूल पेटली. वहिनींनी कामं वाटली. लसूण सोलायला मला बसवलं. "बँडवाल्याला दुसरं येतंय काय," म्हणाल्या. दहा किलो लसूण, माझी बोटं दुपारपर्यंत जळत होती. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी व्हॅसलीनची डबी माझ्याकडं फेकली. त्या स्वतः वीस मिनिटं थापायच्या, मग मोजे काढायच्या, हात टिपायच्या, व्हॅसलीन लावायच्या, कोरडा जोड चढवायच्या. सगळ्यांसमोर. मोजे लपवले नाहीत. कुणी बघत उभं राहिलं तर तळवे पुढं करून दाखवायच्या, "बघून घ्या, तिकीट न्हाई."

दुपारी पंगत बसली. पहिल्या ओळीत निरगुडसर-पारगावचे पावणे, त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते तुटून पडले. एक पैलवान एकटा अकरा वड्या खाऊन आमटी मागत होता. दुसरी ओळ आमच्या मळ्याची. मासवडीचं ताट घेऊन वहिनी स्वतः वाढायला निघाल्या तेव्हा मी आधी जानकूकडं पाहिलं. जानकूनं पत्रावळीवर हात आडवा धरला नाही. वड्या घेतल्या, खाल्ल्या, अजून दोन मागितल्या. संक्रांतीच्या तीन घरांपैकी एका घरानं घेतल्या. दोन घरांनी "पोट जड हाय" म्हणून नुसती आमटी-भाकरी खाल्ली. वहिनी त्यांच्या पत्रावळीपुढं जराही थांबल्या नाहीत, पुढं गेल्या. ताट रिकामं झालं. पुन्हा भरून आणलं, तेही रिकामं झालं. तिसरं आणलं तेव्हा यमाजीभाऊंनी आपली पत्रावळ न बोलता पुढं सरकवली.

अडीचशेतली एकही उरली नाही. अक्षदाला पातेलं खरवडून खावं लागलं.

संध्याकाळी वहिनी मांडवाच्या खांबाला टेकून पाय पसरून बसल्या होत्या, मोजे काढून, हात मांडीवर उताणे. मी बोटांकडं पाहिलं. उजव्या तर्जनीच्या कडेला दोन बारीक दाणे होते. त्यांनीही पाहिले होते. अक्षदाला मलम आणायला पाठवलं होतं. तेवढ्यात सोपान आला, पोट चोळत. त्यानं मासवडीचं कौतुक केलं, कमिटीचं कौतुक केलं, आपलंही थोडं केलं. मग तोंड भरून म्हणाला, "मंग वहिनी, रोग कायमचा गेला म्हनायचा आता?"

वहिनींनी दाणे असलेलं बोट त्याच्यापुढं धरलं आणि म्हणाल्या, "सोपानभावजी, यात्रंचं पावनं जेवून गेलं म्हंजे फुडच्या साली येत न्हाईत व्हय? हे बी येनारच. पर कधी यायचंय ते आता मला आधी कळतं, आन् आलं तर काय वाढायचं ते बी कळतं."